नाव दिल्लीत ठरेल, भांडण गावात आणू नका



राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी 25 जुलै 2022 ला शपथ घेतली. मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे पुढची निवडणूक 2027 च्या पावसाळ्यात येते. जून-जुलै हे आपल्या चौक गावात मासेमारी बंदीचे दिवस. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. नाखवा घरी असतो. जाळी शिवताना हात कामात असतात, तोंड मोकळं असतं आणि मोबाइल मांडीजवळच असतो. अशा दिवसांत दिल्लीहून एक नाव येतं आणि गावात वादाला तोंड फुटतं.

म्हणून हे आधीच लिहितो आहे. नाव आल्यावर ऐकायला कोणाला सवड नसते.

एक गोष्ट पहिल्यांदा समजून घ्या. या निवडणुकीत तुम्हाला मत नाही. मलाही नाही. मत असतं निवडून आलेल्या खासदारांना आणि आमदारांना. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175 धरतात. उत्तर प्रदेशात ते 208 आहे, सिक्कीममध्ये फक्त 7. हा हिशेब 1971 च्या लोकसंख्येवर आहे. 2022 ला एका खासदाराचं मत 700 चं होतं. मतपत्रिकेवर कमळ नसतं, हात नसतो, धनुष्यबाण नसतो, मशाल नसते. फक्त नावं असतात. मत गुप्त असतं. आणि अमुकच उमेदवाराला मत द्या, असा पक्षादेश कोणताही पक्ष आपल्या आमदाराला काढू शकत नाही.

हे शेवटचं वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्याच्या हातात मत आहे त्या आमदाराला कायद्याने मोकळीक दिली आहे. मग ज्याच्या हातात मतच नाही त्या घरातल्या सुनेवर, धाकट्या भावावर, शेजाऱ्यावर तुम्ही कसली सक्ती करता? "आपलं घर अमुक पक्षाचं, तू असं बोलायचं नाही," हे कोणत्या कायद्यात बसतं?

आता मागे काय झालं ते बघा.

14 जून 2007 ला राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभाताई पाटील यांचं नाव जाहीर झालं. तेव्हा त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या. आधी चर्चा शिवराज पाटील यांच्या नावाची होती. डाव्या पक्षांना ते चाललं नाही. मग ताईंचं नाव पुढे आलं. देशाला पहिल्या महिला राष्ट्रपती मिळणार होत्या, त्याही आपल्या जळगावच्या. समोर उभे होते उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत. त्यांच्यामागे भाजप होता.

शिवसेना तेव्हा भाजपबरोबर होती. मुंबई महापालिकेत दोघांची सत्ता होती. तरी बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. भाजपला ते फार झोंबलं. जुने मित्र एकमेकांवर बोलले. राजस्थानात ताईंची ओळख सून म्हणून करून दिली गेली, कारण यजमान देवीसिंह शेखावत यांचं मूळ घराणं तिकडचं. महाराष्ट्रात त्या लेक झाल्या. बाई एकच. ज्याला जे नातं सोयीचं, ते त्याने पुढे केलं.

21 जुलैला मतमोजणी झाली. ताईंना 6,38,116 मूल्याची मतं पडली, शेखावतांना 3,31,306. त्यानंतर काय झालं? 2009 ची विधानसभा शिवसेना आणि भाजप एकत्र लढले. एकाच व्यासपीठावरून मतं मागितली. जुलैतला राग त्यांनी व्यवहारापुरता ठेवला होता. ज्या कार्यकर्त्यांनी तो राग खरा मानून शेजाऱ्याशी बोलणं टाकलं, त्यांची समजूत काढायला मात्र कोणी नेता आला नाही.

2022 तर आपल्या ठाणे जिल्ह्याने अगदी जवळून पाहिलं. एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतला गेल्याचं 21 जूनला उघड झालं. त्याच दिवशी विरोधकांनी राष्ट्रपतिपदासाठी यशवंत सिन्हा यांचं नाव ठरवलं. त्याआधी त्यांनी शरद पवार यांना गळ घातली होती. पवारांनी नको म्हटलं. 21 जूनच्याच रात्री भाजपने द्रौपदी मुर्मू यांचं नाव जाहीर केलं. पहिल्यांदाच आदिवासी समाजातली व्यक्ती देशाच्या सर्वोच्च पदावर बसणार होती.

29 जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. शिवसैनिक दोन्हीकडे वाटले गेले. शिंदे ठाण्याचेच. त्यामुळे हा वाद आपल्याकडे शाखेशाखेत आणि घराघरात आला. आणि 12 जुलैला उद्धव ठाकरे यांनीही मुर्मू यांनाच पाठिंबा दिला. म्हणजे बघा. जे दोन गट एकमेकांना गद्दार म्हणत होते, ते राष्ट्रपतिपदाला एकाच बाजूला होते. आणि उद्धव ठाकरे यांचे मित्रपक्ष, काँग्रेस आणि राष्ट्रवादी, दुसऱ्या बाजूला सिन्हा यांच्याकडे होते.

यात कोण बरोबर, कोण चूक, हे मी तुम्हाला सांगणार नाही. सांगायचं ते इतकंच की नेत्यांच्या बाजू महिन्याभरात बदलतात. तुमचा शेजारी तोच राहतो. पहाटे खोल समुद्रात इंजिन बंद पडलं की दोर टाकून होडी ओढायला तोच येतो. त्या वेळी तुम्ही त्याला विचारत नाही की पाटीलबाईंच्या वेळी तू कोणाकडे होतास.

मग नाव जाहीर झाल्यावर काय करायचं?

पहिला दिवस गप्प बसा. खरंच. ज्या दिवशी नाव येतं त्या दिवशी सगळ्यात जास्त खोटं फिरतं. जुने फोटो येतात. दुसऱ्याच कोणाची भाषणं त्या माणसाच्या नावाने येतात. कोणाची जात काढलेली असते, कोणाचा धर्म. त्या दिवशी काहीही पुढे पाठवू नका, चांगलं वाटलं तरी नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचा. दोन वेगवेगळी वाचा. मग बोला.

दुसरं काम थोडं कठीण आहे. प्रश्न आणि शिवी यांतला फरक ओळखायला शिका.

2007 चंच घ्या. प्रतिभाताईंनी जळगावला महिलांची सहकारी बँक काढली होती. ती अडचणीत आली आणि रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. विरोधकांनी त्यावर प्रश्न विचारले. घुंगटाच्या प्रथेबद्दल ताई उदयपूरला काही बोलल्या, त्यावर इतिहासाच्या अभ्यासकांनी हरकत घेतली. हे प्रश्न होते. अशा पदावर बसणाऱ्याला ते विचारलेच पाहिजेत. मराठी बाई आहे म्हणून विचारू नका, असं म्हणणं हा बाईचा मान नव्हे. आपण तिला कमी लेखतो, असाच त्याचा अर्थ होतो.

पण तिच्या साडीवर, पदरावर, बोलण्याच्या ढंगावर टवाळी करणं हा प्रश्न नाही. "बाईला काय कळतं, तिला कोणीतरी बसवलंय," हाही प्रश्न नाही. 1962 ला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ती जळगावातून आमदार झाली होती. पुढे अनेक वर्षं विधानसभेत, मग राज्यसभेची उपसभापती, अमरावतीची खासदार, राज्यपाल. इतकं काम केलेल्या पुरुषाला कोणी असं म्हटलं असतं का?

मुर्मू यांच्या वेळीही तेच. पुन्हा कोणीतरी म्हणालं, नुसतं नावापुरतं बसवलंय. त्या ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा गावच्या. सरकारी कचेरीत नोकरी केली, शाळेत शिकवलं, 1997 ला रायरंगपूरला नगरसेविका झाल्या, मग आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल. काही वर्षांच्या अंतरात नवरा आणि दोन तरणे मुलगे गेले. त्यातून उठून ती बाई कामाला लागली. त्यांच्या पक्षाचं धोरण तुम्हाला पटत नसेल तर जरूर सांगा. राज्यपाल असताना त्यांनी काय केलं, काय केलं नाही, तेही विचारा. त्यांच्या रंगावर आणि जमातीवर मात्र एक शब्द बोलू नका.

जाळं घेताना तुम्ही दुकानदाराचा पक्ष विचारत नाही, गाठ ओढून बघता. उमेदवाराचंही तसंच करा. आधी काय काम केलं? पैशाचा व्यवहार कसा होता? कठीण वेळी तोंड उघडलं की मिटलं? हे तीन प्रश्न पुरेत. आणि तुमच्या आवडत्या पक्षाच्या उमेदवारालाही हेच तीन विचारा. त्याला सोडलंत तर दुसऱ्याला विचारायचा हक्क उरत नाही.

फोनबद्दल आणखी थोडं बोलतो, कारण नुकसान तिथेच सर्वांत जास्त होतं.

आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटींवर आदिवासी खलाशी काम करतात. बंदी उठली की तो मुलगा परत तुमच्या बोटीवर येणार. त्याच्याही हातात मोबाइल आहे. जुलैत तुम्ही राष्ट्रपतींच्या जमातीवर केलेली टवाळी ऑगस्टमध्ये तो वाचणार. तोंडाने काही बोलणार नाही. पण पुढचा हंगाम तो तुमच्याकडे येईलच असं नाही. आणि आला तरी मनात ठेवून येईल.

कायद्याचंही लक्षात घ्या. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराला आळा घालणारा 1989 चा कायदा आहे. चारचौघांत जातीवरून, जमातीवरून अपमान केला तर तो लागू होऊ शकतो. "मी लिहिलं नाही, नुसतं पुढे पाठवलं," हे सांगून सुटका होईलच असं नाही. अठरा-वीस वर्षांच्या पोराला या एका संदेशापायी उत्तन सागरी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू नये. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते. तेव्हा असली नोंद आड येते. तो संदेश ज्या पुढाऱ्याच्या बाजूने होता, तो जामिनाला येत नाही.

गावाचे, चर्चचे, मंडळाचे आणि मच्छीमार सोसायटीचे जे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत त्यांचं काम वेगळं आहे. डिझेल कधी येणार, वादळाचा इशारा आहे का, कोणाकडे मयत झाली, पाणी आज येणार का. या ग्रुपवर पक्षाचं भांडण सुरू झालं की माणसं ग्रुप बंद करून ठेवतात. मग वादळाचा इशाराही वाचला जात नाही. ही साधी गोष्ट नाही. समुद्रावर पोट असलेल्या गावात ती जिवावर बेतू शकते. ज्यांना वाद घालायचाच आहे त्यांनी वेगळा ग्रुप काढावा. ॲडमिन असाल तर पहिल्याच दिवशी तसं सांगा, आणि आपल्या पक्षाच्या माणसालाही तोच नियम लावा.

आता जे आनंदात असतील त्यांनाही दोन शब्द.

पहिली बाई, पहिली आदिवासी, उद्या आणखी कोणी पहिला. आनंद जरूर करा. घरातल्या मुलींना त्या माणसाची गोष्ट सांगा. जळगावची मुलगी एम. ए. झाली, वकील झाली, कॉलेजात टेबल टेनिसमध्ये चमकली, आणि राष्ट्रपती भवनात पोचली. सांताळ समाजातली मुलगी गाव सोडून भुवनेश्वरला शिकायला गेली. ही गोष्ट सांगताना कोणाचा पक्ष कोणता, हे मुलीला सांगायची काहीच गरज नाही. तो तुमचा विरोधी पक्ष असला तरी ती गोष्ट मुलीला मिळू द्या. ती तुमच्या रागापायी हिरावून घेऊ नका.

पण नाव ऐतिहासिक म्हणून काम आपोआप होत नाही, हेही मुलींना खरं सांगा. प्रतिभाताई राष्ट्रपती असताना 9 मार्च 2010 ला महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं. लोकसभेत ते अडलं, आणि तसंच संपलं. नवीन कायदा सप्टेंबर 2023 मध्ये झाला. त्यावर मुर्मू यांनी सही केली. तोही जनगणना आणि मतदारसंघांची नवी आखणी यांना बांधून ठेवला होता. पहिल्या महिला राष्ट्रपतींपासून या सहीपर्यंत सोळा वर्षं गेली. त्या वर्षांत सत्तेवर दोन्ही बाजूंचे पक्ष होते. त्यामुळे मिरवणूक काढणाऱ्यांनी आणि नाक मुरडणाऱ्यांनी, दोघांनीही याचं उत्तर द्यायला हवं.

काशिमिऱ्याकडे आदिवासी पाडे आहेत. आपल्याच मीरा-भाईंदर महापालिकेत. 2022 ला ज्यांनी पेढे वाटले त्यांनी त्या पाड्यांवर जाऊन पाणी येतं का, मुलांना जातीचे दाखले मिळतात का, हे विचारलं असेल तर त्यांचा आनंद खरा. विचारलं नसेल तर अजून विचारता येईल.

आपल्या माणसाचा अभिमान या गोष्टीवरही थोडं बोललं पाहिजे. 1969 ला राष्ट्रपतिपदाला एक मराठी माणूस उभा होता. चिंतामणराव देशमुख. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर 1956 ला त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. इतका मोठा माणूस. त्यांच्यामागे उभे राहिले ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ. खरी झुंज व्ही. व्ही. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यात, काँग्रेसच्याच दोन गटांत झाली. देशमुखांना 1,12,769 मूल्याची मतं मिळाली. मराठी म्हणून महाराष्ट्रातले सगळे पक्ष तेव्हा एक झाले नाहीत. 2007 ला मराठीपण आठवलं, 1969 ला आठवलं नाही. म्हणून कोणी "आपला माणूस" म्हणून हाक दिली की ऐका जरूर, पण हीच हाक त्याने मागच्या वेळी दिली होती का, तेही बघा.

एकत्र कसं राहायचं, हे आपल्या चौकला सांगायला लागू नये. इथे धारावीच्या किल्ल्यावर चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. खाली वाड्यांमध्ये पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती कोळी घरं आहेत, धारावी देवीला जाणारी घरं आहेत. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी मराठे आणि पोर्तुगीज यांच्या ज्या लढाईत इथल्या जमिनीवर रक्त सांडलं, तिच्या दोन्ही बाजूंच्या आठवणी घेऊन आपण एकाच जेट्टीवर मासळी उतरवतो. एवढं जमलं आहे तर पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या एका नावावरून गाव दुभंगायचं काही कारण नाही.

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. नाव आल्यावर पोरं आणि बाप भिडले तर मध्ये पडा. जेवताना तो विषय बंद ठेवा. सुनेचं माहेर दुसऱ्या पक्षाचं असेल तर तिला टोमणा मारू नका. ती रात्री फोनवर आईशी काय बोलते यावर नजर ठेवू नका. आणि लग्न जमत असेल तर पक्षापायी मोडू नका.

ज्यांचा उमेदवार हरेल त्यांनी निकालाच्या संध्याकाळी जिंकलेल्याकडे जाऊन चहा प्यावा. जिंकलेल्यांनी फटाके त्यांच्या दारात लावू नयेत. 2022 ला मुर्मू यांना 6,76,803 मूल्याची मतं पडली, सिन्हांना 3,80,177. निवडून आलेल्या 53 जणांची मतं तर बादच झाली. ज्यांचं कामच कायदे करण्याचं आहे, त्यांनाही मतपत्रिका नीट भरता आली नाही. तेव्हा समोरच्याला "तुला काय कळतं" म्हणण्याआधी जरा थांबा.

इतकं करूनही तुम्हाला वाटेल की आपल्या हातात काहीच नाही. आहे. आपल्या मीरा-भाईंदर मतदारसंघाच्या आमदाराकडे 175 मूल्याचं मत आहे. ते तुमच्या जिवावर आलेलं मत आहे. नाव जाहीर झालं की त्यांना साध्या कागदावर पत्र लिहा. तुम्ही कोणाला मत देणार आणि का, ते गावात येऊन सांगा, असं लिहा. मत गुप्त असतं, ते दाखवायची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही. पण कारण सांगायला कोणी अडवलेलं नाही. ते आले की त्याच बैठकीत होड्यांच्या डिझेलचा परतावा आणि धावगीच्या कचराभूमीचा प्रश्न हेही विषय काढा.

पत्रावर निदान दहा घरांच्या सह्या घ्या. ती दहा घरं एकाच पक्षाला मत देणारी नसावीत, एवढं मात्र बघा.